जुनी तुळई, नवा भोवरा

पुण्याच्या पेठांत एखादा वाडा पाडायचं नक्की झालं, की बिल्डरच्या माणसांच्या आधी तिथे पोचतो तो जुन्या लाकडाचा व्यापारी. अंगणात उभा राहून तो आढ्याकडे बघतो. तुळया किती, खणांची लांबी किती, कडीपाट सागाचा की आडजाताचा, खांबांचे तळ ओलीने सडलेत का, एवढं दहा मिनिटांत हेरून तो अख्ख्या घराचा एक आकडा सांगून मोकळा होतो. मग घराची वाटणी सुरू होते. नक्षीचे दरवाजे आणि महिरपी जुन्या वस्तूंच्या दुकानांत किंवा एखाद्या रिसॉर्टच्या दर्शनी भागात जाऊन बसतात. लांब, सरळ तुळया चिरल्या जातात आणि चौकटी होऊन नव्या फ्लॅटांमध्ये शिरतात. शेवटी वखारीच्या कोपऱ्यात एक ढीग उरतो: हात-दीड हात लांबीची तुळयांची टोकं, कुसांसाठी भोकं पाडलेले खांबांचे तुकडे, वाशांचे शेंडे, एका बाजूने वाळवीने चाखलेल्या फळ्या. हा माल घनफुटाने विकत नाहीत, किलोने विकतात, आणि बहुतेक वेळा तो जळणासाठीच जातो.

हे पुस्तक त्या ढिगातून उचललेल्या लाकडाचं आहे.

मुंबईत गोष्ट तीच, फक्त ढीग मोठा. चाळ उतरते, गोदाम उतरतं, जुनं फर्निचर बाहेर पडतं आणि त्यातलं बरंचसं आजवर पावाच्या भट्ट्यांत जात आलं आहे. २०२५ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या भट्ट्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. ते शहराच्या हवेसाठी होतं, आणि योग्यच होतं. मला त्यात माझाही थोडा स्वार्थ दिसला. भट्टीचं गिऱ्हाईक कमी झालं, तर सागाची ती टोकं आणखी कोणीतरी उचलायला हवीत.

ती उचलायला कातकाम करणाऱ्यासारखा दुसरा माणूस नाही, असं माझं मत आहे, आणि या पुस्तकाचा सगळा डोलारा त्या मतावर उभा आहे. कपाट, टेबल, पलंग करणाऱ्या सुताराला लांबी लागते. त्याला भोकांचं, खिळ्यांचं, तुकड्यांचं लाकूड नकोसं होतं, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. त्यावर घालवलेल्या मजुरीत नवं लाकूड येतं. लेथवर मात्र सगळं उलटं होतं. इथे वीतभर लाकूड म्हणजे भरपूर लाकूड. नऊ इंची चौरस खांबाचा वीतभर तुकडा आडवा कापला तर त्यातून एक बरा वाडगा निघतो, उरलेल्या कोपऱ्यांतून दोन-चार मुठी, खुंट्या, एखादा भोवरा. त्यातही गंमत अशी, की खांबाला जिथे कुसाचं भोक असतं तो भाग सुतार आधी टाकून देतो. कातणारा तोच मुद्दाम मधोमध घेतो. वाडग्याचं पोट तसंही कोरून काढायचंच असतं. भोक पोटात आलं, की आपलं अर्धं काम शंभर वर्षांपूर्वीच्या सुताराने करून ठेवलेलं असतं.

दुसरी गोष्ट वेळेची. नोकरी करून, घर सांभाळून सुतारकाम करणाऱ्यांचे अर्धे प्रकल्प अर्धेच राहतात. कपाटाच्या सांगाड्यावर वाळत घातलेले टॉवेल मी अनेक घरांत पाहिले आहेत. कातकामाची छोटी वस्तू संध्याकाळी सुरू होते आणि जेवणाच्या आत हातात येते. कामही असं, की आकार डोळ्यांसमोर घडतो. कातताना हत्याराच्या टोकाकडे बघायचंच नसतं. फिरणाऱ्या लाकडाची वरची कड बघायची, कारण वस्तूचा घेर तिथे दिसतो. हात खाली काम करतात, डोळे वर रेघ वाचतात. हे जमायला लागलं, की मध्येच उठून फोन बघायची इच्छा होत नाही. झाली तरी त्या हाताने फोन धरवत नाही.

आता लाकडाबद्दल, कारण आपल्या शहरांतलं जुनं लाकूड ही साधी चीज नाही. साग किती टिकतो हे पाहायचं तर लोणावळ्याजवळ कार्ल्याच्या चैत्यगृहात जावं. तिथल्या दगडी छताखाली बसवलेल्या लाकडी कमानी सुमारे दोन हजार वर्षांच्या आहेत. दगडाला त्यांच्या आधाराची काहीच गरज नव्हती. लाकडी घरांची सवय झालेल्या डोळ्यांसाठी त्या घातल्या, आणि त्या अजून जागेवर आहेत. समुद्रावरचं उदाहरण हवं असेल तर १८१७ साली मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही लढाऊ नौका आहे. सबंध सागात बांधलेली ही नौका आज इंग्लंडमध्ये हार्टलपूल इथे पाण्यावर उभी आहे. सागाच्या अंगातलं तेल त्याला पाण्यापासून आणि वाळवीपासून सांभाळतं. वाडगा कातताना बोटांना जो किंचित मेणचट स्पर्श होतो तो त्याचाच.

मुंबईच्या चाळींत आणि बंगल्यांत मात्र सह्याद्रीतल्या सागाबरोबर ब्रह्मदेशातलाही साग आला. १८६३ मध्ये मुंबईत उभी राहिलेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन हा व्यापार करत होती. मंडालेच्या थिबा राजाच्या दरबाराने या कंपनीला ठरल्याहून जास्त ओंडके नेल्याच्या आरोपावरून जबर दंड ठोठावला, आणि इंग्रजांना हवंच होतं ते निमित्त मिळालं. १८८५ च्या नोव्हेंबरात युद्ध झालं, पंधरवड्यात संपलं, आणि थिबाला पदच्युत करून पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं. तिथेच १९१६ मध्ये तो वारला. सहलीला जाणारे लोक थिबा राजवाडा बघतात, फोटो काढतात आणि आंबे घेऊन परततात. मी मात्र गिरगावातल्या चाळीतून निघालेला बर्मा सागाचा तुकडा लेथवर चढवताना त्या राजाची आठवण काढल्याशिवाय राहत नाही. राज्य जाण्याची कारणं अनेक असतात, पण लाकडाच्या हिशोबावरून गेलेलं राज्य म्हणून मला ते जवळचं वाटतं.

हा जुना साग जंगलात सावकाश वाढलेला आहे. त्याचं आडवं कापलेलं टोक भिंगाखाली धरा. वार्षिक कडी एकमेकांना चिकटून बसलेली दिसतात. लागवडीचा साग आपल्याकडे जुनाच आहे, केरळात निलंबूरला १८४० च्या दशकात तो लावायला सुरुवात झाली. पण आज बाजारात ‘टीक’ म्हणून मिळणारा कोवळा, घाईने वाढवलेला माल हातात घेतला तर कडी रुंद, वजन हलकं आणि रंग फिका. दोन्ही तुकडे शेजारी ठेवले की सांगावं लागत नाही. म्हणून जेव्हा कोणी मला ‘जुनं लाकूड स्वस्त पडतं म्हणून वापरता ना?’ असं विचारतं, तेव्हा मी म्हणते, नाही, चांगलं मिळतं म्हणून वापरते.

सागाशिवाय ढिगात बरंच काही असतं आणि ते ओळखणं हा वेगळा नाद आहे. शिसव काळसर, जड, कापताना गोडसर वास देणारी. फणस पिवळाधमक, कोकणातल्या घरांतून येतो आणि वर्षभरात मधाच्या रंगावर जातो. आंबा बिनभरवशाचा, त्याला कीड लवकर लागते, पण कधी कधी करड्या-काळ्या रेषांचा असा तुकडा सापडतो की त्यापुढे शिसव फिकी पडावी. बाभूळ चिवट, पूर्वी बैलगाडीच्या चाकांना वापरत. तिच्यात टॅनिन भरपूर, त्यामुळे गंजक्या खिळ्याभोवती निळाकाळा डाग पडतो. हा डाग घासून जात नाही. तो दिसेल अशा जागी घ्यायचा की पोटात जाऊ द्यायचा, एवढंच आपल्या हातात. हेद, म्हणजे हळदू, हे तर कातकामासाठीच जन्माला आलेलं लाकूड. गिरण्यांच्या बॉबिनसाठी त्याला मोठी मागणी असे. त्याचा रेषाच न दिसणारा पिवळा अंगरंग बारीक कंगोऱ्यांना फार शोभतो.

पॅकिंगच्या लाकडाला नाक मुरडणारे लोक आहेत, मी त्यांतली नाही. औद्योगिक वसाहतींबाहेर पॅलेट आणि खोकी फोडून विकणारे असतात आणि बाहेरदेशांतून आलेला पाइन तिथे सहज मिळतो. फक्त शिक्का वाचायचा. ‘एचटी’ असेल तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियसला किमान ३० मिनिटं तापवलेलं असतं, ते घ्यावं. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं. ते तिथेच ठेवावं. रेल्वेचे जुने स्लीपर फुकट मिळाले तरी घेऊ नयेत. त्यांत मुरवलेलं क्रिओसोट ताटवाट्यांच्या जवळपासही नको.

जुन्या लाकडाचा आणखी एक मोठा फायदा म्हणजे ते वाळलेलं असतं. इंचभर जाडीला एक वर्ष, हा लाकूड वाळवण्याचा जुना ठोकताळा. ताज्या ओंडक्याचा वाडगा करायचा तर तो आधी जाडसर कातून ठेवतात, भिंतीची जाडी व्यासाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकी, आणि काही महिन्यांनी तो वाकडातिकडा होऊन स्थिरावला की पुन्हा कातून गोल करतात. वाड्याच्या तुळईने हा सगळा काळ आपल्या पणजोबांच्या डोक्यावर काढलेला असतो. तरीही ते लाकूड आहे, दगड नाही. एप्रिलमध्ये पुण्यात बेताने घट्ट बसवलेलं डबीचं झाकण जुलैत रत्नागिरीला नेलं तर उघडत नाही. ज्यांना डबी भेट दिली त्यांचा फोन येतो. झाकण थोडं सैलच ठेवायला शिकावं आणि फोन टाळावा.

या पुस्तकातली पहिली वस्तू भोवरा आहे. बहुतेक ठिकाणी नवशिक्याला लाटणं करायला सांगतात, कारण ते सोपं दिसतं. माझ्या मते ते क्रूर आहे. हातभर लांबीचा, मध्यावरून दोन्ही टोकांना अगदी हलका निमुळता होणारा, कुठेही लाट नसलेला नळकांडा कातणं हे मुरलेल्या हाताचं काम. शिवाय लाटण्यातली चूक स्वयंपाकघरात रोज दिसते. भोवऱ्याला पोट असतं, त्यामुळे चुकेल तिथे आकार बदलून घेता येतो.

वाशाचा मुठीएवढा जाड तुकडा घ्या. आधी तारेच्या ब्रशने चुना, माती, काजळी झाडायची. मग चुंबक चारी बाजूंनी फिरवायचं. वाड्याच्या मूळ जोडणीत खिळे फारसे नसतात, कूस आणि भोक यांवरच ती उभी असते. खिळे सापडतात ते नंतरच्या भाडेकरूंचे: कॅलेंडरचे, मच्छरदाणीच्या दोरीचे, विजेच्या वायरींच्या पट्ट्यांचे. डोकी गंजून गेलेली असतात, म्हणून अंबुराने सुटत नाहीत. आजूबाजूचं लाकूड थोडं कोरून त्यांना पकडावं लागतं. मग दोन्ही टोकांना कर्ण आखून मध्य काढायचा, चारी कोपरे करवतीने उतरवायचे, आणि तुकडा लेथच्या दोन केंद्रांमध्ये आवळायचा. मोटर लावण्याआधी हाताने एक पूर्ण फेरा द्यायचा. कुठेही टूलरेस्टला घासता कामा नये.

पन्हळी पटाशी रेस्टवर ठेवली की पहिल्यांदा टक-टक-टक असा आवाज येतो. उरलेले कोपरे धारेवर आदळत असतात. हा आवाज हळूहळू जवळजवळ येतो, मग सलग होतो, आणि एका क्षणी नुसती सळसळ राहते. डोळे मिटून असलात तरी लाकूड गोल झाल्याचं कळतं. राखाडी कातडं गेलेलं असतं, खालून सोनेरी लाकूड आणि सागाचा तेलकट, किंचित तिखट वास बाहेर आलेला असतो. आता खरा धडा. पटाशीची धार एकदम लाकडात घालायची नाही. आधी धारेमागचा उतार लाकडावर टेकवायचा, तेव्हा काहीच कापलं जात नाही. मग मूठ सावकाश वर उचलायची, धार खाली येते आणि शेवेसारखी लांब सालं मनगटावरून वाहायला लागतात. मूठ पुन्हा खाली केली की कापणं थांबतं. उतार टेकलेला असेपर्यंत पटाशी तुमच्या ताब्यात असते. उतार सुटला की ताबा लाकडाकडे जातो आणि ते पटाशी हिसकून घेतं. नेहमी जाड भागाकडून बारीक भागाकडे कापायचं, म्हणजे तंतू उचकटत नाहीत. भोवऱ्याचं पोट तसं, टोक तसं. टोकाच्या अंगाला तिरक्या पटाशीच्या कोपऱ्याने जाळी धरून ठेवणाऱ्या बारीक खाचा द्यायच्या.

रंग द्यायचा तर लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबायची. घर्षणाने लाख वितळते आणि पट्ट्यापट्ट्याने चढते. ब्रश नाही, डबा नाही, वाळायची वाट बघणं नाही. चन्नपट्टणचे कारागीर वरून केवड्याच्या जातीचं पान दाबून चकाकी आणतात. आपल्याकडे पान नसेल तर जाडसर कागद चालतो. मग तुकडा कापून सुटा करायचा, टोकाला बारीक भोक पाडून डोकं उडवलेल्या खिळ्याची आर ठोकायची. आर मध्यापासून केसभर जरी सरकली तरी भोवरा फेकल्याबरोबर डुगडुगून सांगतो. वाडगा असं कधी सांगत नाही, तो टेबलावर मुकाट बसतो. म्हणून मी भोवऱ्याने सुरुवात करते.

जागेबद्दल लोक उगाच घाबरतात. अर्ध्या अश्वशक्तीच्या मोटरचा छोटा लेथ घरच्या सिंगल फेजवर चालतो आणि मोठ्या ट्रंकेएवढ्या जागेत मावतो. मात्र तो डळमळता नको. खाली जड ओटा किंवा पायांवर वाळूची पोती हवीत. बाल्कनीत काम करणाऱ्यांना लेथपेक्षा खालच्या मजल्यावरचं वाळत घातलेलं धुणं जास्त त्रास देतं. सागाचा बारीक भुसा ओल्या पांढऱ्या चादरीवर बसला की सोसायटीच्या पुढच्या सभेत तुमचा विषय निघणारच. तीन बाजूंनी ताडपत्री लावा, वेळ दुपारची टाळा आणि पहिलं पोळपाट खालच्या काकूंना द्या.

वेग हा नवशिक्यांचा आवडता आणि चुकीचा नाद. साधा हिशोब असा, की तुकड्याचा इंचांतला व्यास आणि मिनिटाचे फेरे यांचा गुणाकार ६,००० ते ९,००० च्या दरम्यान ठेवायचा. दहा इंची वाडगा म्हणजे ६०० ते ९०० फेरे. तडा असलेलं, भोकाचं, एका बाजूला जड असलेलं लाकूड याच्याही खाली. आपण वापरतो ते लाकूड बहुतेक वेळा या तिन्हींपैकी काहीतरी असतं, म्हणून पुस्तकात दिलेले वेग तुम्हाला मंद वाटतील. ते मंदच आहेत.

सुरक्षेचं प्रकरण मी पाल्हाळाने लिहिलं आहे आणि ते कापायला संपादकांना नकार दिला. चेहऱ्यावर पूर्ण काच हवी, नुसता चष्मा पुरत नाही. हातमोजे अजिबात नाहीत, कारण फिरतं लाकूड मोज्याबरोबर बोटही ओढतं. बांगड्या, अंगठी, ओढणी, मोकळा पदर, लांब बाह्या, सुटे केस, सगळं आधी आवरायचं. भुश्याला लोक हसतात, पण लाकडाची धूळ कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच नोंदवलं आहे. साग आणि शिसव यांच्या धुळीने अनेकांना त्वचेचा आणि श्वासाचा त्रासही होतो. मुसक्या म्हणून रुमाल बांधून भागत नाही, चांगला मास्क लागतो. जुन्या दारा-खिडक्यांचा रंग कोरडा घासू नका. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा लागू झाली ती २०१७ च्या नोव्हेंबरपासून, आणि तुमच्या हातातली चौकट त्याच्या कितीतरी आधीची असते. आणखी एक, जे फार कमी जणांना ठाऊक असतं: अळशीच्या तेलाने भिजलेला बोळा चुरगळून कोपऱ्यात टाकला तर तो आपोआप तापत जाऊन पेट घेऊ शकतो. उलगडून उघड्यावर वाळवा किंवा पाण्यात बुडवा. भुश्याच्या खोलीत ही चूक एकदाच होते.

हे सगळं हौशी माणसासाठी आहे, आणि इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. आपल्याकडे कातारी होते, अजूनही काही ठिकाणी आहेत. पलंगाचे खूर, पाळण्याच्या कातीव दांड्या, रवी, देव्हाऱ्याचे खांब, हे त्यांच्या हातचं. त्यांचा लेथ जमिनीलगत असे. एक जण दोरी आळीपाळीने खेचायचा, लाकूड एकदा पुढे, एकदा मागे फिरायचं, आणि दुसरा बसल्या जागी हाताने आणि पायाच्या आधाराने हत्यार धरून फक्त पुढच्या फेऱ्यात कापायचा. सावंतवाडीच्या चितारआळीत पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची भातुकली आणि हुबेहूब फळं करणारे, गोव्यात कुंकळ्ळीचे लाखकाम करणारे चितारी, कर्नाटकात चन्नपट्टणला काळ्या कुड्याच्या पांढऱ्या लाकडावर लाख चढवणारे, या सगळ्यांची रोजीरोटी या कामावर. आपण रविवारी दोन वाडगे कातून प्रदर्शनात मिळेल त्या भावाला विकतो तेव्हा आपला पगार आपल्या खात्यात जमा झालेला असतो. त्यांचा नसतो. त्यामुळे माझं सरळ सांगणं आहे, की भेट द्या, घरात वापरा, आणि विकायचंच असेल तर कारागिराच्या भावाखाली विकू नका. त्यांच्याकडून शिकायचं असेल तर शिकवण्याचे पैसे मोजा. ‘कला जगवण्या’बद्दल त्यांच्यापुढे भाषण करण्यापेक्षा हे बरं.

आपल्या शिक्षणात हाताचं काम नव्हतं असं नाही. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी उद्योगातून शिक्षणाचा आग्रह धरला आणि पुढे शाळाशाळांत टकळ्या फिरल्या. पण मूलोद्योगाचा तास बहुतेक ठिकाणी मार्कांपुरता उरला. अपवाद आहेत. पाबळला डॉ. कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या विज्ञान आश्रमात मुलं वेल्डिंगपासून शेतीपर्यंत सगळं करत शिकतात. मध्यमवर्गीय घरांत मात्र ‘सुताराला बोलवा’ एवढीच हस्तकला शिल्लक राहिली. याचा एक परिणाम म्हणजे आपल्याला आपल्याच घरातलं लाकूड ओळखता येत नाही. आजोबांच्या टेबलाचा पाय शिसवीचा होता हे भंगारवाला घेऊन गेल्यावर कळतं.

प्रकरणांच्या क्रमाबद्दल थोडं. भोवऱ्यानंतर मुठी, खुंट्या आणि मेणबत्तीचे स्टँड आहेत, मग फेसप्लेटवरचं पोळपाट, वाडगे, झाकणाची डबी, आणि शेवटी तुकडे जोडून कातलेली परात. लाटणं अकराव्या प्रकरणात आहे. रंगरोगणाला मी कमी पानं दिली आहेत. खाण्याच्या वस्तूला तेल आणि मधमाशांचं मेण, इतर वस्तूंना लाख किंवा स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा, यापलीकडे घरच्या कामाला फारसं लागत नाही. चकचकीत पॉलियुरेथेन आवडत असेल तर डब्यावरच्या सूचना माझ्याहून चांगल्या आहेत.

पहिलं प्रकरण मात्र धार लावण्याचं आहे, त्यात लेथ एकदाही सुरू होत नाही. ते रटाळ आहे, असं छापण्याआधी वाचणाऱ्या सगळ्यांनी मला सांगितलं. पण सागाच्या पेशींत सिलिका असते, वाळूचाच प्रकार तो, आणि त्यात वाड्याच्या तुळईवर पिढ्यान्‌पिढ्यांचा चुना आणि माती बसलेली. पाइनवर तासभर टिकणारी धार इथे काही मिनिटांत जाते. दगड कुठला घ्यावा, उताराचा कोन किती ठेवावा, शाईपेनाने खूण करून उतार बरोबर घासला जातोय का ते कसं बघावं, हे सगळं तिथे आकृत्यांसकट दिलं आहे. ते प्रकरण उलटून थेट भोवऱ्याकडे जाणारे वाचक बरेच असणार. त्यांच्यासाठी दुसऱ्या प्रकरणाच्या समासात जागोजाग पहिल्या प्रकरणाचे पानक्रमांक दिले आहेत.